मुरबाड-शहापूर परिसरातील शोभिवंत फुलझाडांची निवड : वृक्ष की झुडूप?

गोषवारा

महाविद्यालयीन परिसरासाठी फुलझाडांची निवड करताना बहुधा फुलांचा रंग आणि रोपाची उपलब्धता या दोनच बाबी विचारात घेतल्या जातात. थंड हवामानाच्या देशांत हीच निवड कडाक्याच्या हिवाळ्याच्या निकषावर केली जाते. प्रस्तुत लेखात त्या पद्धतीमागील तत्त्व समजून घेऊन, ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर तालुक्यांसाठी, विशेषतः म्हसा परिसरासाठी, ते कसे वापरता येईल याचे विवेचन केले आहे. फुलझाडाची निवड फुलावरून न करता त्या जागेच्या सर्वांत कठीण ऋतूवरून करावी, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : शोभिवंत वृक्ष, झुडपे, मुरमाड जमीन, पानझडी वने, महाविद्यालयीन परिसर, उन्हाळी पाणी.

१. प्रस्तावना

जुलै महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या महाविद्यालयांमध्ये वनमहोत्सव साजरा होतो. १९५० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी या उपक्रमाचा आरंभ केला. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी खड्डे खणतात, पाहुण्यांच्या हस्ते रोपे लावली जातात, छायाचित्रे निघतात. नॅकच्या मूल्यांकनातही हरित परिसराचा विचार होत आल्यामुळे या कार्यक्रमास अलीकडे अधिक महत्त्व प्राप्त झाले आहे. परंतु रोप कोणते लावावे, हा प्रश्न बहुधा आदल्या दिवशी रोपवाटिकेत जे मिळेल त्यावर सुटतो. परिणामी बरीचशी रोपे पुढचा जून पाहत नाहीत, आणि जी जगतात त्यांपैकी काही वीस वर्षांनी इमारतीला अथवा विद्यार्थ्यांना धोकादायक ठरतात.

वृक्ष लावणे हा पन्नास वर्षांचा निर्णय असतो. लावणारा प्राध्यापक निवृत्त होतो, प्राचार्य बदलतात, वृक्ष मात्र तेथेच उभा राहतो. म्हणून या निवडीमागे काही विचार असणे आवश्यक आहे.

२. थंड प्रदेशातील निवडीचे तत्त्व

उत्तर अमेरिका व युरोपातील उद्यानांत शोभिवंत वृक्ष आणि झुडपे यांची निवड करताना पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : हे झाड येथील हिवाळा सोसेल काय? अमेरिकेच्या कृषी खात्याने यासाठी १९६० साली पहिला नकाशा प्रसिद्ध केला. त्याची अलीकडील आवृत्ती २०२३ सालची आहे. वर्षातील नीचतम तापमानाच्या दीर्घकालीन सरासरीवरून त्यात प्रदेशाचे १३ पट्टे पाडलेले असून प्रत्येक पट्टा १० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसचा आहे. तेथे रोपावर पट्ट्याचा क्रमांक लिहिलेला असतो आणि ग्राहक आधी तो क्रमांक पाहतो, मग फूल.

या पद्धतीतून दोन उपयुक्त गोष्टी शिकता येतात. पहिली अशी की, झाड जगणे आणि झाड फुलणे या भिन्न बाबी आहेत. मोठ्या पानांचे हायड्रेंजिया हे झुडूप थंडीत मुळाशी तग धरते आणि वसंतात पुन्हा पालवते. परंतु त्याच्या फुलांच्या कळ्या मागील वर्षीच्या फांद्यांवर तयार झालेल्या असतात. त्या फांद्या गोठून मेल्या, तर त्या वर्षी पाने येतात, फुले येत नाहीत. तारकाकृती फुलांचा मॅग्नोलिया हिवाळा सहज पार करतो, पण उशिरा पडलेल्या एका हिमरात्रीत त्याचा सारा बहर काळवंडतो. दुसरी गोष्ट म्हणजे, वृक्ष आणि झुडूप यांना एकच ऋतू वेगळ्या रीतीने भेटतो. ठेंगण्या झुडपावर बर्फाची चादर पसरते व तीच त्याला थंडीपासून वाचवते. उंच वृक्षाला हे संरक्षण मिळत नाही.

मात्र हा नकाशा जसाच्या तसा आपल्याकडे आणता येणार नाही. आपल्या भागात हिमतुषार पडत नाही. केवळ नीचतम तापमानाची कसोटी लावली, तर जगातील जवळजवळ प्रत्येक उष्णकटिबंधीय फुलझाड येथे चालेल असे उत्तर मिळेल आणि ते चुकीचे असेल. कारण पाऊस किती, तो किती महिने आणि नंतर कोरडेपणा किती, याविषयी हा नकाशा काहीच सांगत नाही. तेव्हा नकाशा नव्हे, त्यामागील प्रश्न उसना घ्यावयाचा आहे : आपल्याकडील सर्वांत कठीण ऋतू कोणता?

३. या परिसराचे दोन कठीण ऋतू

मुरबाड आणि शहापूर हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी वसलेले आहेत. माळशेज घाट, नाणेघाट, गोरखगड, सिद्धगड आणि माहुली यांच्या छायेतील या प्रदेशात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे असतात. समुद्र दूर असल्याने एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो. जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. उतारावर हातभर मातीखाली मुरूम व कातळ लागतो, तर सखल भागात भातखाचरांची चिकण माती असते.

यावरून दोन परीक्षा स्पष्ट होतात. पहिली परीक्षा मे महिन्याची. उथळ मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही. रोपाला पाणी घालावे तर ते आणावे कोठून, हा प्रश्न येथे केवळ बागकामाचा नाही. ज्या शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा जलाशयांतून मुंबईला पाणी जाते, त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी शोभेच्या झुडपांना नळीने पाणी घालणारी संस्था गावाच्या नजरेत कशी दिसेल, याचा विचार प्राध्यापकांनीच करावयास हवा.

दुसरी परीक्षा जुलैची. सलग पावसाने जमीन भिजून सैल होते आणि त्यात वारा सुटतो. ज्या वृक्षाची मुळे उथळ व लाकूड ठिसूळ, तो याच दिवसांत फांदी टाकतो किंवा मुळासकट उन्मळतो. खाचराच्या मातीत महिनोन् महिने पाणी साचते व अनेक झुडपांची मुळे कुजतात.

या दोहोंच्या जोडीला गुरे आणि वणवा यांचाही विचार करावा लागतो. पौष पौर्णिमेपासून म्हसा येथे म्हसोबाची यात्रा भरते. बैलांच्या बाजारासाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. हा प्रदेश गुरांचा आहे. भातकापणी झाली की गुरे मोकळी चरू लागतात आणि कुंपण नसलेले कोवळे रोप ती ठेवत नाहीत. त्यानंतर वाळलेल्या गवतातून वणवे येतात.

४. वृक्ष की झुडूप?

झुडूप लहान, म्हणून त्याला पाणीही कमी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. आपल्या परिसरात तो बहुतेक वेळा खोटा ठरतो. स्थानिक वृक्षाच्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे सांभाळावे लागते. त्याची मुळे मुरमाच्या भेगांतून खोल गेली की त्याला पाणी लागत नाही. जास्वंदीसारख्या झुडपाची मुळे वरच्या थरातच राहतात व त्याला दर उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते.

एक साधा हिशेब करून पाहू. शंभर रोपांना आठवड्यातून एकदा दहा लिटर पाणी द्यावयाचे ठरविले, तर फेब्रुवारी ते मे या सुमारे सतरा आठवड्यांत १७,००० लिटर पाणी लागेल. वृक्षांच्या बाबतीत हा खर्च तीन वर्षांत ५१,००० लिटरवर थांबतो. झुडपांच्या कुंपणाला तेवढेच पाणी वीस वर्षे दिले, तर तो आकडा ३,४०,००० लिटर होतो. प्रत्यक्ष प्रमाण जागेनुसार बदलेल, पण दोहोंतील अंतर कायम राहील.

याउलट झुडपाचे काही फायदे निर्विवाद आहेत. ते एक-दोन वर्षांत फुलते, तर अनेक वृक्षांना सहा ते दहा वर्षे लागतात. ते भिंतीपासून दोन मीटरवर लावता येते. मोठा वृक्ष इमारतीपासून साधारणपणे आठ-दहा मीटर दूर असावा. विजेच्या तारांखाली लावलेल्या वृक्षाची दरवर्षी एकाच बाजूने छाटणी होते, तो तोल गमावतो आणि एखाद्या जुलैत कोसळतो. अशा जागी झुडूपच योग्य होय. थोडक्यात, मोकळी जागा असेल तेथे वृक्ष लावावा. भिंत, तार, पाण्याची टाकी किंवा अरुंद पट्टा असेल तेथे झुडूप लावावे, मात्र ते कोरडेपणा सोसणारे असावे.

५. वृक्षांचा विचार

५.१ गुलमोहर आणि त्याचे सोबती

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो उन्हाळा सहज सोसतो, झपाट्याने वाढतो, लवकर फुलतो. मे महिन्याच्या परीक्षेत तो उत्तीर्ण होतो. परंतु जुलैच्या परीक्षेत तो हमखास कमी पडतो. त्याची मुळे जमिनीलगत पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. मुंबई-ठाण्यात दर पावसाळ्यात पडणाऱ्या झाडांत गुलमोहर वारंवार आढळतो. पिवळ्या फुलांचा पीतमोहर याच कुळातील. पावसाळ्यात पडणाऱ्या झाडांत तोही असतो. आहे तो गुलमोहर तोडावा असा याचा अर्थ नाही; वर्गखोल्या, सायकलतळ आणि बसथांबा यांच्याजवळ नवा लावू नये, एवढेच.

नीलमोहराचे उदाहरण हायड्रेंजियाशी ताडून पाहण्यासारखे आहे. दक्षिण अमेरिकेतील हा वृक्ष पठारी, सौम्य थंडीच्या प्रदेशात निळ्याजांभळ्या फुलांनी भरून जातो. पुणे किंवा बंगळूर येथे तो शोभतो. घाटाखालच्या दमट हवेत तो जगतो, पण तसा फुलत नाही. आफ्रिकेतील पिचकारी हा लाल-नारिंगी फुलांचा वृक्ष तर टाळलेलाच बरा. त्याचे लाकूड ठिसूळ आहे, मकरंद मधमाश्यांना घातक ठरू शकतो आणि जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे.

५.२ रानाने दिलेले उत्तर

या भागातील पानझडी वनांनी आपला प्रश्न पूर्वीच सोडविलेला आहे. काटेसावर, पांगारा, पळस आणि बहावा हे वृक्ष उन्हाळ्याच्या आगेमागे पाने टाकून पाण्याचा व्यय थांबवितात आणि त्याच पर्णहीन अवस्थेत फुलतात. पाने नसल्याने फुले पक्ष्यांना व कीटकांना दुरून दिसतात. ज्याला आपण शोभा म्हणतो, तो वस्तुतः काटकसरीचा हिशेब आहे.

बहावा उतारावरील मुरमाड जागेसाठी उत्तम. एप्रिल-मेमध्ये त्याचे सोनेरी घोस लोंबतात. सुरुवातीची त्याची वाढ मंद असते, हा दोष मान्य करावा लागेल. पळस चिकण, पाणी साचणारी जमीनही सोसतो. त्याच्या पानांच्या पत्रावळी सर्वांना परिचित आहेत. मात्र पळसाचे मोठे रोप उपटून लावल्यास जगत नाही. पिशवीतील लहान रोप लावावे किंवा जागेवरच बी पेरावे.

तामण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प असल्यामुळे ते प्रत्येक परिसरात लावण्याचा आग्रह धरला जातो. परंतु तामण हा मुळात ओढ्याकाठचा वृक्ष आहे. पाणथळ कडेला, खाचराच्या बांधालगत, गटाराच्या उताराला तो जोमाने वाढतो; कातळावर खुरटतो. राज्यपुष्पाचा मान राखावयाचा तर त्याला ओलाव्याची जागा द्यावी.

केवळ स्थानिक असणे पुरेसे नाही, हेही सांगितले पाहिजे. काटेसावर रानात देखणी, पण तिचा विस्तार प्रचंड, बुंध्याला आधारमुळे आणि अंगावर काटे. इमारतीजवळ तिला स्थान नाही. पांगारा फांदीपासून सहज लागतो, पण २००५ च्या सुमारास भारतात आढळलेल्या गाठी करणाऱ्या गांधीलमाशीवर्गीय किडीने त्याची पाने व कोंब विद्रूप होतात. सीताअशोकाला सावली आणि ओल हवी. उघड्या माळावर तो तग धरीत नाही. अनेक परिसरांत अशोक म्हणून रांगेने लावलेला सरळसोट वृक्ष तर वेगळाच आहे, आणि त्याच्या हिरवट फुलांना शोभा अशी नाहीच.

जेथे सावलीही हवी, तेथे पानझडी वृक्ष निरुपयोगी ठरतात. भर एप्रिलमध्ये बहावा स्वतःच उघडा असतो. अशा जागी करंज लावावा. तो ऐन उन्हाळ्याआधी पाने बदलून लगेच पालवतो, फिकट जांभळ्या फुलांनी बहरतो आणि गुरे त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. वाट पाहण्याची तयारी असेल तर बकुळ अधिक चांगली. ती सदाहरित, बळकट आणि सुगंधी आहे.

६. झुडपांचा विचार

रानातील धायटी अजून बागेत आलेली नाही, याचे आश्चर्य वाटते. उतारावर, मुरमात, पाण्यावाचून ती वाढते आणि जानेवारी ते एप्रिल लाल नळीदार फुलांनी भरते. शिंजीर पक्षी तिच्यावर सतत येतात. आसवे व अरिष्टे आंबविण्यासाठी आयुर्वेदात तिची फुले वापरली जातात, त्यामुळे अध्यापनातही तिचा उपयोग आहे. मुरुडशेंग पावसाळ्यात तांबडी फुले देते. निर्गुडीला गुरे तोंड लावीत नाहीत. कुंपणासाठी ती खात्रीची. पांढऱ्या फुलांचा कुडा झुडूप व लहान वृक्ष यांच्या सीमेवर आहे. त्याच्या फुलांची भाजी येथील आदिवासी घरांतून आजही होते. पारिजातकही याच गटातला, हलक्या जमिनीत येणारा आणि थोड्या जागेत मावणारा.

परदेशी म्हणून सारीच झुडपे वर्ज्य करण्याचे कारण नाही. दक्षिण अमेरिकेतील बोगनवेल मे महिन्याची परीक्षा उत्तम देते. तिचा रंग फुलांचा नसून फुलाभोवतीच्या रंगीत पानांचा असतो, आणि पाणी कमी मिळाले की ती अधिक बहरते. मध्य अमेरिकेतून आलेला देवचाफा जाड खोडात पाणी साठवितो व आता देवळाच्या प्रांगणाचा भागच झाला आहे. याच्या उलट घाणेरी. शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या या वनस्पतीने माळराने व वनांच्या कडा व्यापून टाकल्या. एका बागेतील निवड शंभर गावांना कशी भोवते, याचा हा धडा होय. कण्हेर काटक आहे, गुरे तिला खात नाहीत. पण ती आणि पिवळी कण्हेर या दोन्ही विषारी आहेत. शालेय मुले वावरतात तेथे त्या लावू नयेत.

७. शैक्षणिक वर्षाचा बहर

महाविद्यालयांच्या दृष्टीने एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. गुलमोहर, बहावा व तामण ऐन बहरात असतात तेव्हा, म्हणजे मे महिन्यात, परिसर रिकामा असतो. ज्यांच्यासाठी शोभा करावयाची ते विद्यार्थी सुटीवर गेलेले असतात. म्हणून निवड करताना जून ते एप्रिल असे वर्ष डोळ्यांपुढे ठेवावे. जूनच्या आरंभी कुड्याचा अखेरचा बहर, पावसाळ्यात मुरुडशेंग, ऑगस्टपासून पारिजातक, दिवाळीच्या सुमारास गुलाबी कांचन, जानेवारीपासून धायटी, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस व रक्तकांचन, आणि परीक्षेच्या दिवसांत करंज, अशी मालिका लावता येते. बहाव्याने सुटीत फुलावे आणि परिसरात थांबलेल्यांना सोबत करावी.

८. लागवडीविषयी काही सूचना

१) खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत. साधारण दोन फूट लांबी, रुंदी व खोली असावी. मुरमात याहून मोठा खड्डा घ्यावा.

२) जून अखेरीस, जमीन खोलवर भिजल्यावर रोप लावावे. उशिरा लावलेल्या रोपाला मुळे पसरण्यास पावसाळा अपुरा पडतो.

३) खाचराच्या जमिनीत उंचवटा करून त्यावर रोप लावावे, म्हणजे बुडाशी पाणी साचणार नाही. उतारावर खालच्या बाजूने अर्धचंद्राकृती बांध घालावा.

४) दसऱ्यानंतर आळ्यात भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा पसरावा. सच्छिद्र मडके रोपाशेजारी पुरून त्यात पाणी भरल्यास थोड्या पाण्यात काम होते.

५) भातकापणीपूर्वी काटेरी कुंपण पूर्ण करावे आणि डिसेंबरात रोपांभोवतीचे गवत काढून वणव्यापासून संरक्षण करावे.

६) शंभर रोपे लावून दहा जगविण्यापेक्षा, उन्हाळ्यात जितक्यांना पाणी देता येईल तितकीच लावावीत. खड्ड्यांची संख्या मे महिन्यातील पाण्यावरून ठरवावी.

९. निष्कर्ष

थंड प्रदेशातील माळी जानेवारीच्या रात्रीचा विचार करून वसंताचे फूल निवडतो. आपणही मे महिन्याची दुपार आणि जुलैचा वारा लक्षात घेऊन फूल निवडावे. वृक्ष श्रेष्ठ की झुडूप श्रेष्ठ, स्थानिक चांगले की परदेशी चांगले, हे वाद त्या कसोटीपुढे दुय्यम ठरतात. कसोटीला उतरणाऱ्या यादीत देवचाफाही आहे आणि न उतरणाऱ्या यादीत काटेसावरही आहे. तथापि, म्हसा येथून गोरखगडाच्या पायथ्याकडे जाताना शिशिरात दिसणारे रान हीच आपली सर्वांत विश्वसनीय रोपसूची आहे, कारण ते रान कोणीही पाणी न घालता उभे आहे. वनमहोत्सवाची तयारी जुलैत रोपवाटिकेत न करता फेब्रुवारीत त्या रानात विद्यार्थ्यांसह एक फेरी मारून करावी, आणि जे तेथे पाण्यावाचून फुललेले दिसेल त्याचे बी योग्य वेळी गोळा करून महाविद्यालयातच रोपे तयार करावीत, एवढी एकच शिफारस या लेखाच्या अखेरीस करावीशी वाटते.